‘अलाउ’ दाबलं की मागे लागणारी नोटिफिकेशन्स

‘तुमच्या फोनमध्ये ५ व्हायरस!’ असं नोटिफिकेशन सारखं येतंय? बहुतेक वेळा हा व्हायरस नसतोच. ‘रोबो नाही हे सिद्ध करा, अलाउ दाबा’ म्हणणाऱ्या एखाद्या साइटला आपणच दिलेली नोटिफिकेशन पाठवायची परवानगी असते. (खऱ्या कॅप्चाला, म्हणजे माणूस की रोबो हे तपासणाऱ्या चाचणीला, नोटिफिकेशनची परवानगी कधीच लागत नाही.) म्हणूनच अँटीव्हायरसला बऱ्याचदा काही सापडत नाही, आणि टॅब बंद केला, हिस्टरी पुसली, तरी मेसेज येतच राहतात.

नोटिफिकेशनवर क्रोमचं चिन्ह आणि साइटचा पत्ता बारीक अक्षरात असतो, तो बघून ठेवा. मग क्रोममध्ये तीन टिंबं, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे ती साइट ब्लॉक करा. वरचं मुख्य बटणही बंदच ठेवलेलं बरं, म्हणजे नव्या साइट विचारणारच नाहीत.