१९६ सीसी इंजिनाची साठवण: वाटीत उरलेल्या पेट्रोलचा हिशोब

गेल्या वर्षी हे एक सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन पाच महिन्यांसाठी ठेवून देण्यापूर्वी मी पेट्रोलचा कॉक बंद केला, इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवले आणि कार्बोरेटर रिकामा झाला असे गृहीत धरले. पुन्हा बाहेर काढले तेव्हा ते चोकवर सुरू होई, पण चोक काढताच बंद पडे. कार्बोरेटर उघडला, तर पायलट जेटचे (इंजिन मंद चालताना पेट्रोल पुरवणाऱ्या छोट्या पितळी भागाचे) केसाएवढे छिद्र पिवळसर, राळेसारख्या थराने पूर्ण बुजलेले होते.

चूक गृहीतकातच होती. कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणारी छोटी वाटी असते; तिच्यातील पेट्रोलची पातळी खाली गेली, की मिश्रणात हवा जास्त होऊन इंजिन थांबते. पण मेन जेटच्या, म्हणजे इंजिन वेगात असताना पेट्रोल पुरवणाऱ्या मोठ्या जेटच्या, तोंडापर्यंत न पोहोचणारे तळाचे पेट्रोल तसेच राहते. यंदा इंजिन थांबल्यानंतर वाटीखालचा निचऱ्याचा स्क्रू सोडून जे आले ते मोजले, तेव्हा ११ मिलिलिटर भरले. एवढे पेट्रोल जेट बुजवायला पुरेसे आहे, कारण त्यातील हलके घटक उडून जातात आणि उरलेल्यावर हवेतील ऑक्सिजनची क्रिया होऊन चिकट साका तयार होतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते ओलावाही शोषून घेते, आणि पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले, की इथेनॉल व पाणी यांचा मिळून वेगळा थर तळाशी बसतो. वाटीच्या आतील बाजूस मला जी पांढरी पूड दिसली होती, ती बहुधा त्याच ओलाव्याने धातू खाल्ल्याची खूण असावी.

कामाचा क्रम ठरवताना एक अडचण येते: ऑइल गरम असताना काढावे लागते, तर पेट्रोलला इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय हात लावायचा नसतो. म्हणून पहिल्या दिवशी इंजिन थांबताच फक्त ऑइल काढले. गरम ऑइल पातळ असल्यामुळे तळाशी बसलेली काजळी आणि धातूचा बारीक कीस त्याच्यासोबत वाहून आला. नवीन ऑइल लगेच भरले, कारण वापरलेल्या ऑइलमधील आम्ल आणि पाणी बेअरिंगला महिनोन्‌महिने लागून राहणे बरे नव्हे. जुने ऑइल घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले आहे. ते गटारात किंवा मातीत ओतू नये.

टाकी आणि वाटी दुसऱ्या दिवशी सकाळी उघड्यावर रिकामी केली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते आणि उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकेल एवढी तयार होते. त्यामुळे थंडी आहे म्हणून धोका कमी, असे समजण्यात अर्थ नाही. टाकी काठोकाठ भरून त्यात स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारे द्रव्य) घालणारे अनेक जण आहेत आणि गंज टाळण्यासाठी ती पद्धत योग्यही आहे. मात्र माझे इंजिन बंद खोलीत राहणार असल्याने मी रिकामी टाकी पसंत केली आणि आत थोडे ऑइल फिरवून पत्र्याला त्याचा हात दिला.

जेटच्या छिद्रात तार घालण्याचा मोह आवरावा. पितळ मऊ असते आणि छिद्र किंचित जरी मोठे झाले तरी मिश्रणाचे प्रमाण कायमचे बिघडते. मी जेट क्लीनरमध्ये भिजवून, डोळ्यांवर चष्मा लावून हवेच्या दाबाने फुंकले. रबरी ओ-रिंग त्याआधीच काढून ठेवल्या होत्या, कारण क्लीनरने त्या फुगतात.

प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडले आणि दोरी सावकाश ओढून ते भिंतींवर पसरवले. या वेळी स्विच बंद असणे आणि प्लगची टोपी बाजूला बांधलेली असणे अत्यावश्यक आहे, नाहीतर प्लगच्या छिद्रातून बाहेर पडणाऱ्या वाफेजवळच ठिणगी पडू शकते. प्लग ०.७ मिलिमीटर गॅप तपासून परत बसवला. त्यानंतर दोरी ओढताना जिथे जोर लागू लागला, तिथेच थांबलो. तिथे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि दमट हवा आत शिरत नाही.

बाहेरची सफाई किरकोळ. फिन्समध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पातळ पट्ट्यांमध्ये) अडकलेले गवत ब्रशने काढले, पाण्याचा फवारा मारला नाही. फोमचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन, न पिळता दाबून वाळवला. झाकायला सुती चादर घेतली आहे, कारण प्लास्टिकखाली ओल कोंडते. व्हॉल्व्हचे अंतर मोजायचे राहिले आहे आणि टाकीच्या झाकणाचे गॅस्केट चिरलेले आढळले. ते बदलल्यावर पुढची नोंद करीन.