तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्याच गाडीला फिल्म का नाही

गाड्यांना पीपीएफ, म्हणजे रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म (पेंट प्रोटेक्शन फिल्म), लावणं हा माझा धंदा, आणि माझ्या स्वतःच्या गाडीच्या बॉनेटवर खडीने उडालेले टवके आहेत. गिऱ्हाईक काम बघायला येतं, बाहेर उभी असलेली ती गाडी बघतं आणि विचारतं, ‘काय हो, तुमच्याच गाडीला नाही लावली?’ काही जण सहज विचारतात. काहींच्या आवाजात चोर पकडल्याचा आनंद असतो. आजवर ‘वेळच मिळत नाही’ म्हणून मी वेळ मारून नेली. ते खोटं नाही, पण पुरतंही नाही.

आधी एक सांगून टाकतो: मी विकतो तो माल खोटा नाही. चांगली फिल्म थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन या लवचिक प्लास्टिकची असते, साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाडीची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). कंपनीतून येणाऱ्या गाडीवरचे प्रायमरपासून वरपर्यंतचे सगळे थर मिळून बहुधा १०० ते १५० मायक्रॉन भरतात आणि त्यातला वरचा पारदर्शक क्लिअर कोट असतो चाळीस-पन्नासचा. म्हणजे गाडीच्या अख्ख्या रंगाहून जाड थर आपण वर चढवतो. पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा त्यावर आपटला की फिल्म ताणली जाते, धक्का पसरतो, टवका उडत नाही. सिरॅमिक कोटिंग हे करू शकत नाही. ते मोजके मायक्रॉन जाड, त्याने पाणी निथळतं, धुणं सोपं होतं, एवढंच. दोन्ही एकच समजून येणाऱ्यांना समजावता समजावता माझा निम्मा दिवस जातो.

फिल्म पोचा थांबवत नाही, हेही मी प्रत्येकाला सांगतो. शेजारच्या गाडीचं दार लागलं तर पत्रा बसणारच. ‘आपोआप बुजते’ म्हणतात ते फक्त वरच्या थरावरच्या बारीक ओरखड्यांपुरतं. उन्हाने किंवा कोमट पाण्याने ते खरंच जातात, पण किल्लीने ओढलेली रेघ आरपार गेली असेल तर ती राहते. व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरची पाती वाचवायला असली फिल्म वापरत, ही गोष्ट आमच्या धंद्यात प्रत्येक जण सांगतो. मीही सांगायचो. पण पात्यांवर चालली म्हणून तुमच्या गाडीला हवीच, असं कुठे आहे?

आता मुद्द्याचं. एक गृहस्थ गाडी विकण्याआधी जुनी फिल्म काढून घ्यायला आले. लावली होती दुसऱ्या कुणी, गाडी नवी असतानाच. कडा पिवळ्या पडल्या होत्या. मी सवयीप्रमाणे रंगाची जाडी मोजायचं मीटर फिरवलं. फिल्मची जाडी वजा केली तर टपावर, दारांवर आकडा कंपनीच्या रंगाचा येत होता. डाव्या फेंडरवर, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर, मात्र त्याच्या दुपटीहून जास्त. मी म्हटलं, ‘इथे परत रंग मारलाय. फिल्मबरोबर निघू शकतो.’ ते म्हणाले, ‘शक्यच नाही. नवीकोरी घेतली, तेव्हापासून एक चराही नाही.’ आणि ते मनापासून बोलत होते. मी कागदावर लिहून त्यांची सही घेतली.

मग हीट गन. फिल्म हाताला कोमट लागेल इतकी तापवायची आणि पत्र्याला जवळजवळ चिकटवून, अगदी कमी कोनात, सावकाश ओढायची. बॉनेट, बंपर, आरसे सुटले. फेंडरवर वितभर आलो आणि हाताला कळलं. सोडताना फिल्मचा एक बारीक चर्रर्र आवाज येतो, तो बंद झाला. उलटून बघितलं तर गोंदाच्या बाजूला तळव्याएवढा रंग, अखंड पापुद्रा, आणि फेंडरवर करडा प्रायमर. आणखी तापवलं, कोन बदलला, दुसऱ्या कडेने सुरुवात केली. पुन्हा तेच. खालचा थर नीट घासलाच नव्हता. रंग नुसता वर बसला होता. कंपनीत रंग भाजतात तो साधारण १४० अंशांवर. तयार गाडीत प्लास्टिक, रबर, वायरी असतात, म्हणून दुरुस्तीत साठ-सत्तरच्या पुढे जाता येत नाही. तरी तयारी नीट केली असेल तर तोही रंग टिकतो. इथे केलेली नव्हती.

ते शेजारी उभे होते. ओरडले नाहीत, तेच अवघड गेलं. म्हणाले, ‘म्हणजे मला विकतानाच ती ठोकलेली होती?’ बहुधा हो. गाडी त्यांच्या हातात येण्याआधी कुठेतरी घासली असणार आणि विकणाऱ्याने गुपचूप रंगवून दिली असणार. सिद्ध कसं करणार? फिल्मची वॉरंटी पिवळेपणाची, भेगांची. परत मारलेल्या रंगाची जबाबदारी त्यात कुणी घेत नाही. सही माझ्याकडे होती. तरी फेंडर रंगवायचे अर्धे पैसे मी दिले. ती माणुसकी होती की धंद्याचं नाव राखायची भीती, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

आणि तो पापुद्रा! उजेडात धरला तर आरशासारखा. इतकी वर्षं फिल्मने त्याची चमक जपली होती, एक ओरखडा नाही.

तेव्हापासून मी आधी मीटर लावतो, मग भाव सांगतो. माझ्या गाडीचं नाक अपघातानंतर रंगवलेलं आहे, म्हणून तिथे फिल्म नाही, हे माझं दुसरं पाठ केलेलं उत्तर. पण दारं आणि टप कंपनीच्याच रंगातले आहेत, आणि नाकाचा रंगही मी समोर उभं राहून मारून घेतलाय. तो कधीचा मुरला. तिथे फिल्म लावली तर काही बिघडणार नाही, हे मलाही माहीत आहे.

खरं सांगायचं तर मला दुसऱ्याच्या गाडीवर फिल्मखाली अडकलेला धुळीचा कण तीन हातांवरून दिसतो. नुसत्या पाण्याचा फुगा असेल तर काही आठवड्यांत सुकून जातो. कण जात नाही. स्वतःच्या गाडीवर तो रोज बघायचा? टवका निदान रस्त्याने दिलेला असतो. पूर्वीचा मी यावर म्हणाला असता, ‘हे आळसाचं तत्त्वज्ञान आहे, टवक्यातून पत्रा गंजला की कळेल.’ त्याचं चूक नाही. टवक्यांवर मी टचअपचा थेंब लावतो, आणि तो थेंब टवक्याहून वाईट दिसतो.

तेव्हा तुम्ही लावावी की नाही? गाडी नवी, रंग कंपनीचा, हायवेवर रोजचं जाणंयेणं आणि गाडी बरीच वर्षं ठेवायची असेल, तर निदान पुढचा भाग तरी लावा. दोन-तीन वर्षांत विकणार असाल तर मी आग्रह करणार नाही, धंदा गेला तरी. पॅनलच्या मापाने आधीच कापलेली फिल्म मिळत असेल तर ती घ्या. थेट गाडीवर ठेवून ब्लेडने कापणाऱ्याचा हात कसा आहे, हे फिल्म काढेपर्यंत कळत नाही.

माझी मुलगी आता पहिली गाडी घेतेय आणि तिनेही हाच प्रश्न विचारलाय. मी म्हटलं, ताब्यात घेण्याआधी मीटर लावून देतो, पुढचं तुझं तू ठरव. ती म्हणाली, ‘आणि लावायची ठरवली तर?’ तर मीच लावणार. दुसऱ्याने कापलेली कडा मला बघवायची नाही.