९५ नंबरची खोली आणि मुद्दाम पाडलेले डाग

लेकीकडे लंडनला तीन आठवडे होतो. राजवाडा, पूल, पाऊस सगळं झालं, त्यावर काय लिहायचं. लिहायचंय ते ब्रिटिश म्युझियममधल्या ९५ नंबरच्या खोलीबद्दल, जिथे आम्ही खरं तर खालच्या गर्दीला वैतागून नुसतं टेकायला म्हणून वर गेलो होतो. खाली तर दादर स्टेशनसारखी रेटारेटी.

वर शांत. काचेच्या कपाटांत चिनीमातीच्या जवळपास १७०० वस्तू. मी निळ्या-पांढऱ्या भांड्यांपाशीच अडकले. काही पंधराव्या शतकातली, चीनच्या मिंग घराण्याच्या काळची, काही अठराव्या शतकात त्यांच्यावरून बेतलेली. "म्हणजे डुप्लिकेटच की," आमचे हे म्हणाले, तेही मोठ्यांदा.

मलाही आधी तसंच वाटलं. पण जुन्यांच्या निळ्या रेघांत मधेमधे काळपट ठिपके दिसतात ना, त्याची गंमत आहे. तेव्हा निळ्या रंगासाठीचं कोबाल्ट इराणकडून यायचं, त्यात लोखंड जास्त, भट्टीत ते जागोजागी साकळून काळं पडायचं. थोडक्यात डागच. पुढे जिंगदेझन या चिनीमातीच्या भांड्यांच्या चिनी गावातल्या कारागिरांकडे कोबाल्ट स्वच्छ आलं, डाग पडेनात, पण योंगचंग बादशहाच्या (१७२३-३५) दरबाराला वेड शुआनद बादशहाच्या (१४२६-३५) काळच्या भांड्यांचं! मग काय, बसले कुंचल्याने एकेक ठिपका मुद्दाम द्यायला. मोबाईल झूम करून बघितलं, तर नवे ठिपके जरा जास्तच शहाणे, रांगोळीचे काढावेत तसे. मला हसू आलं आणि का कोण जाणे, भरूनही आलं. तीनशे वर्षांपूर्वीच्या कुणाचे तरी डाग इतक्या मायेने गिरवायचे म्हणजे!

योंगचंगच्या आधीच्या कांगशी बादशहाच्या काळच्या कित्येक भांड्यांच्या तळाला मात्र चक्क दोनशे वर्षं आधीच्या चंगह्वा बादशहाचं नाव असतं. ते कळल्यावर मी थोडी ह्यांच्या बाजूने झाले, पण कबूल केलं नाही.

हे एव्हाना पाय दुखतात, भूक लागली, तो इजिप्तचा प्रसिद्ध शिलालेख, रोझेटा स्टोन, कधी, म्हणून भुणभुणत होते. मग हा सगळा संग्रह करणारे सर पर्सिव्हल डेव्हिड १८९२ साली मुंबईत जन्मले होते हे कळलं मात्र, पाय दुखायचे थांबले. "आपल्या मुंबईचा माणूस?" परत पहिल्या कपाटापासून सुरुवात. हत्तीच्या डोक्यांच्या मुठी असलेल्या १३५१ सालच्या दोन उंच फुलदाण्यांपुढे तर पंधरा मिनिटं.

पाचला म्युझियम बंद झालं. रोझेटा स्टोन राहिलाच, आणि लेकीला ते अजून सांगितलेलं नाही.