खरे हॉटेल असताना टॅबवर दुसरे कशाला?

आमचे मिसळीचे हॉटेल नाशिकला गंगापूर रस्त्यापासून थोडे आत आहे. दुपारी गर्दी ओसरली, शेवटचे पार्सल गेले आणि गल्ला मोजून झाला की मी तिथेच टॅब उघडते आणि त्यावर हॉटेल चालवण्याचा खेळ खेळत बसते. ते पाहून नेहमीची गिऱ्हाइके, पाववाले, माझी नणंद असे सगळे एकच प्रश्न विचारतात, “वहिनी, पहाटेपासून हॉटेलच चालवता, मग टॅबवर पुन्हा हॉटेलच कशाला?” कोणी कौतुकाने विचारते, कोणी टोमणा मारते, आणि नणंदेला बहुधा माझ्या डोळ्यांची काळजी वाटत असावी. उभ्याउभ्या दिलेले उत्तर कोणालाच पटत नाही, म्हणून त्याचे उत्तर इथे सविस्तर लिहिते.

ज्यांनी असा खेळ पाहिलेला नाही त्यांना आधी तो कसा असतो ते सांगायला हवे. पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात ओटा, तवे, कढई आणि सरबताचे यंत्र असते आणि वरच्या भागात काउंटरपलीकडे गिऱ्हाइके येऊन थांबतात. प्रत्येकाच्या डोक्याशेजारी त्याला काय हवे आहे त्याचे चित्र उमटते आणि चित्राला लागून एक हिरवी पट्टी असते. ती पट्टी म्हणजे त्या माणसाचा धीर. ती उतरत उतरत पिवळी होते, मग लाल होते, आणि संपली की माणूस पैसे न देता निघून जातो. तव्यावरचा पदार्थ वेळेत उचलला नाही तर करपतो आणि त्याची किंमत आपल्याच कमाईतून जाते. दोन-तीन मिनिटांत एक पाळी संपते, कमाईचा आकडा समोर येतो, आणि त्या पैशांतून तवा मोठा घ्यायचा, यंत्र वेगवान करायचे की खुर्च्या चांगल्या आणायच्या हे आपण ठरवायचे. खुर्च्या चांगल्या आणल्या की धीराची पट्टी सावकाश उतरते. एवढे मात्र मला लगेच पटले, कारण पंख्याखाली बसलेले गिऱ्हाईक उन्हात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकापेक्षा जास्त वेळ थांबते, हे कोणत्याही हॉटेलवाल्याला शिकवावे लागत नाही.

लोक यांना स्वयंपाकाचे खेळ म्हणतात, पण त्यांत स्वयंपाक जवळजवळ नसतोच. मसाला किती भाजला गेला, मटकीला मोड किती आले, मीठ पुरेसे पडले का, यांपैकी कशालाही तिथे किंमत नाही. तो सगळा कारभार वेळेचा आहे आणि पहिल्यापासून तसाच आहे. १९८३ साली नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांसाठी ‘टॅपर’ नावाचा खेळ निघाला होता. त्यात बिअरचे भरलेले मग लांब काउंटरवरून गिऱ्हाइकांकडे सरकवायचे आणि रिकामे झालेले मग उलट घसरत येतात ते खाली पडून फुटण्याआधी झेलायचे. पुढे २००३ च्या ‘डायनर डॅश’मध्ये फ्लो नावाची मुलगी शेअर दलालीची नोकरी सोडून हॉटेल काढते आणि टेबल देण्यापासून उष्टी भांडी उचलण्यापर्यंत सगळे एकटी करते. एकाच प्रकारचे काम लागोपाठ केले तर त्या खेळात जास्तीचे गुण मिळतात. आमच्याकडे नव्या वेटरला पहिल्या आठवड्यात हेच सांगतात, की तीन टेबलांच्या ऑर्डरी एकाच फेरीत घ्याव्यात आणि आत जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. ज्यांनी तो खेळ रचला त्यांनी कधीतरी कुठेतरी ताटे उचललेली असावीत असा मला संशय आहे. फोन आणि टॅबमुळे हा प्रकार घरोघर पोहोचला तो त्यानंतर. लिथुएनियातल्या कंपनीने काढलेला ‘कुकिंग फीव्हर’ हा २०१४ चा. मात्र या प्रवासात पुष्कळ खेळांतून उष्टी भांडी गुपचूप नाहीशी झाली. मी खेळते त्यातही ती नाहीत. गिऱ्हाईक उठले की ताटली आपोआप अदृश्य होते, आणि हॉटेलाच्या धंद्यातला सर्वांत खरा भाग नेमका तिथेच गळून पडतो.

रविवारी सकाळी दहा वाजता आमच्याकडे या म्हणजे मी काय म्हणते ते दिसेल. बाहेर नावे लिहून घेतलेली माणसे उभी असतात, आतली टेबले भरलेली असतात, आणि ओळखीचे कोणीतरी हमखास सुचवते की अजून एक आचारी ठेवा. आचाऱ्याचा प्रश्नच नसतो. मटकी शिजलेली आहे, रस्सा पातेल्यात उकळतो आहे, शेव डब्यात आहे, पावाच्या लाद्या पहाटेच आल्या आहेत, आणि एक ताट लावायला त्याला अर्धे मिनिटही लागत नाही. काम तुंबते ते मागच्या मोरीवर. एका मिसळीमागे एक ताट, मटकीची वाटी, रश्श्याची वाटी, दह्याची वाटी, कांदा-लिंबाची बशी, चमचा आणि पाण्याचा ग्लास एवढे सगळे परत येते, आणि तर्रीचे तेल असे की गार पाण्याने नुसते फिरते, निघत नाही. भांडी घासणाऱ्या दोघी जणी गरम पाण्यासाठी थांबल्या की पाच मिनिटांत वाट्या संपतात, आचारी हात पुसत उभा राहतो, आणि बाहेरच्यांना वाटते की स्वयंपाकघरच मंद आहे.

टॅबवरचा खेळ हीच गोष्ट उष्टी भांडी न दाखवताही सांगतो, आणि म्हणून तो मला आवडतो. तवा मोठा घेतला आणि ताटल्या तेवढ्याच ठेवल्या तर कमाई वाढत नाही, फक्त तव्यावर करपणारे वाढते. जिथे अडते तिथेच पैसा घालावा लागतो, आणि ती जागा सुटली की अडचण लगेच दुसरीकडे सरकते, मग ती नवी जागा शोधावी लागते. खऱ्या हॉटेलात ही जागा कोणती आहे हे कळायला एखादा हंगाम जातो, कारण मध्ये लग्नसराई येते, कोणीतरी गावी जाते, बोअरची मोटर जळते. खेळात तीन पाळ्यांत कळते.

या बाबतीत एक हिशेब मला फार उपयोगाचा वाटतो. जॉन लिटल या अमेरिकी अभ्यासकाने १९६१ मध्ये तो गणिताने सिद्ध केला. एखाद्या जागेत सरासरी किती माणसे असतात, तर तासाला जितकी येतात गुणिले प्रत्येक जण जितके तास थांबतो तितकी. समजा हॉटेलात ६० खुर्च्या आहेत आणि माणूस सरासरी २५ मिनिटे बसतो, तर सगळ्या खुर्च्या भरलेल्या असतानाही तासाला जास्तीत जास्त १४४ माणसे जेवून जातील. तोच माणूस ४० मिनिटे बसला तर हा आकडा ९० वर येतो. खुर्च्या त्याच, आचारी तोच, रस्सा तोच, आणि तासाला ५४ ताटे कमी. खेळातली गिऱ्हाइके घास संपला की उठतात, त्यामुळे तिथे हा प्रश्न उद्भवत नाही. आमच्याकडे मात्र बारा जणांचा सायकलवाल्यांचा गट तीन टेबले जोडून बसतो, मिसळ संपते, ताक संपते, आणि पुढच्या रविवारी कुठे जायचे यावर चर्चा सुरू होते. त्यांना उठा म्हणता येत नाही. म्हणू नयेच, कारण नाशिककर रविवारी मिसळीला येतो तो काही नुसती भूक भागवायला येत नाही.

त्याहून मोठा फरक रश्श्याचा आहे. खेळात ताट समोर आले की धीराची पट्टी थांबते, पैसे पडतात, विषय संपतो. मिसळीच्या धंद्यात ताट गेल्यावर खरे काम सुरू होते. “रस्सा आणा”, “पाव दोन”, “हिच्यात तर्री नको, दही जास्त द्या”, “पापड राहिला”, “कांदा संपला”. एका टेबलाला वेटरच्या चार-पाच फेऱ्या सहज होतात आणि त्यांतल्या रश्श्याच्या फेऱ्यांचा बिलावर मागमूसही नसतो, कारण रस्सा हवा तितका द्यायचा असतो. गल्ल्यावर बसून माझे लक्ष यावरच असते. पावाचा शेवटचा तुकडा हातात धरून रिकाम्या वाटीकडे पाहत बसलेला माणूस मला दहा टेबलांवरून ओळखू येतो. तो हाक मारत नाही, कारण फुकटचे पुन्हा मागायला काहींना संकोच वाटतो. अशा वेळी मी नुसते “चार नंबर, रस्सा” म्हणते आणि वेटर किटली घेऊन जातो. त्या माणसाच्या डोक्यावर पट्टी असती तर ती त्या क्षणी तांबडी दिसली असती. मला ती चेहऱ्यावरून वाचावी लागते, आणि सकाळी सातपासून शेकडो चेहरे असे वाचल्यावर दुपारी कोणीतरी ती पट्टी आयती काढून समोर ठेवली तर माणसाला बरे वाटणारच.

बाकीच्या फरकांबद्दल फार लिहीत नाही, कारण ते कोणालाही सुचतील. खेळातला माल कधी महागत नाही. आमच्यापासून लासलगाव जवळ, पिंपळगाव बसवंतचा टोमॅटोचा बाजार त्याहून जवळ, तरीही २०१९ च्या अखेरीस कांदा आणि २०२३ च्या जुलैत टोमॅटो किरकोळ बाजारात किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेला, तेव्हा बशीतला कांदा कमी करायचा की मिसळीचा दर वाढवायचा यावर घरात वाद झाला होता. १९ किलोच्या सिलिंडरचा दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो. खेळात आजारी पडणारा आचारी नाही, उधारी नाही, सुट्ट्या पैशांची चणचण नाही. गर्दीसुद्धा तिथे ठरलेली असते. पहिली पाळी सोपी, पुढची अवघड. आमच्याकडे गंगापूर धरणातून विसर्ग वाढला अशी बातमी आली की अर्धे शहर सोमेश्वरचा धबधबा पाहायला या रस्त्याने निघते, आणि एरवी सुनसान असलेला पावसाळी बुधवार रविवारसारखा होतो. त्या दिवशी लादी कमी पडते, आणि पाववाले फोन उचलत नाहीत.

आता मूळ प्रश्नाचे सरळ उत्तर. हा खेळ मला हॉटेल चालवायला शिकवतो असा माझा दावा नाही. दिवसभर मी ज्या गोष्टींचे निर्णय घेते त्यांतल्या निम्म्यांचा परिणाम मला कधी कळतच नाही. रागावून गेलेले गिऱ्हाईक रश्श्यामुळे गेले, उशिरामुळे गेले की शेजारच्या टेबलावरच्या आरडाओरडीमुळे, हे सांगायला ते परत येत नाही. टॅबवर प्रत्येक निर्णयाचा निकाल दोन मिनिटांत लागतो आणि चुकला तर कोणाचा पगार अडत नाही. डोके तेच वापरावे लागते, फक्त त्यावरचे ओझे काढलेले असते. ज्याला दिवसभर गाडी चालवूनही संध्याकाळी कॅरम खेळावासा वाटतो त्याला कोणी कारण विचारत नाही. माझ्या खेळात हॉटेल दिसते एवढ्यावरून लोकांना ते विचित्र वाटते.

खेळात पैसे जातात का, असेही विचारतात. जाऊ शकतात. हे खेळ फुकट मिळतात, पण पुढे हिरे किंवा नाणी यांची चणचण मुद्दाम निर्माण केलेली असते, आणि ती खऱ्या पैशांनी विकत घेता येतात. मी ती घेत नाही. घाई करायला लावून माल खपवणे हा जुना धंदा आहे, आणि गल्ल्यावर बसणाऱ्या बाईने तरी त्याला बळी पडू नये.

शेवटी, हॉटेलचा आपला खेळ कोणी का काढत नाही, असे माझ्या भाच्याने विचारले होते. ‘स्टार शेफ’ हा असाच एक खेळ उडुपीतल्या नाइन्टीनाइन गेम्स या कंपनीने काढलेला आहे. गावोगावी ज्याच्या नावाची हॉटेले आहेत त्या गावाने टॅबवरही हॉटेल काढावे, यात मला तरी नवल वाटले नाही. मग मिसळीचा खेळ नाशिकच्या एखाद्या मुलाने का काढू नये? त्यात लाल रस्सा आणि काळ्या मसाल्याचा रस्सा वेगळे असावेत, मोरीवर वाट्यांचा ढीग दिसावा, आणि एखाद्या पाळीत अचानक धरणाचे पाणी सुटावे. भाच्याला मी एकच अट घातली आहे. ताट दिल्यावर धीराची पट्टी थांबता कामा नये. वाटीतला रस्सा संपला की ती पुन्हा पहिल्यापासून उतरायला लागली पाहिजे.