ग्रंथालयाची सूची सर्वांना वाचता यावी म्हणून : माझा अनुभव

अंबाजोगाईच्या एका सार्वजनिक ग्रंथालयात मी ग्रंथपाल म्हणून काम करतो. २०२२ च्या जुलै महिन्यात, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवी वर्षाची तयारी सुरू असताना, विद्यापीठात त्याच विषयावर संशोधन करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. "सर, तुमच्या संकेतस्थळावर ग्रंथसूची आहे असे कळले, पण मला मोबाइलवर आणि संगणकावर नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात. ती सूची मराठीत नाही का?" असे तिने विचारले. सूची मराठीतच होती. मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी ज्या गावात विद्यार्थ्यांना शिकवले, त्या गावच्या ग्रंथालयातील मुक्तिसंग्रामविषयक पुस्तके त्याच विषयाच्या अभ्यासकाला दिसू नयेत याचे मला फार वाईट वाटले. त्यानंतर सुमारे चौदा महिने जे काम केले, त्याची ही हकीकत आहे.

आमचे संकेतस्थळ बऱ्याच वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराकडून करून घेतले होते. त्या काळी बहुतेक संगणकांवर इंटरनेट एक्सप्लोरर असे, म्हणून त्याने सूची केवळ त्याच ब्राउझरला उमजेल अशी बांधली. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्व संगणकांवर एकच ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, नव्हता, तर एका जुन्या मराठी फॉन्टच्या मांडणीत होता. अशा मांडणीत संगणकाच्या लेखी 'क' हा 'क' नसतोच. एखाद्या लॅटिन अक्षराच्या जागी फॉन्टमध्ये 'क'चे चित्र बसवलेले असते. तो फॉन्ट ईओटी या प्रकारात पानासोबत पाठवला जाई, आणि ईओटी इंटरनेट एक्सप्लोररशिवाय कोणीच स्वीकारत नसे. दुसऱ्या ब्राउझरला फॉन्ट मिळाला नाही, की चित्रांमागची लॅटिन अक्षरे उघडी पडत. १५ जून २०२२ रोजी विंडोज १० वरील इंटरनेट एक्सप्लोररचा आधार अधिकृतपणे थांबला, आणि आमची सूची वाचू शकणारा एकमेव ब्राउझरही निवृत्त झाला. शोधयंत्रांना तर ही सूची कधीच सापडली नव्हती, कारण त्यांच्या दृष्टीने तिच्यात एकही मराठी शब्द नव्हता. कार्यालयातल्या संगणकावर पान नीट दिसत असल्यामुळे हे माझ्या इतकी वर्षे लक्षात आले नाही.

प्रथम ब्राउझरची निवड करायची होती. कार्यालयातला संगणक विंडोज १० चा आहे. देवघेव विभागातला मात्र विंडोज ७ चा, दोन जीबी मेमरीचा, आणि तो बदलण्याइतकी तरतूद अनुदानात नव्हती. मी क्रोम, एज, ऑपेरा आणि फायरफॉक्स असे चार ब्राउझर बसवले आणि प्रत्येक पान चौघांत उघडून पाहू लागलो. काही आठवड्यांनी वाचनातून कळले, की क्रोम, एज आणि ऑपेरा या तिघांच्या आत ब्लिंक हे एकच इंजिन, म्हणजे पान मांडून दाखवणारा गाभा, आहे. एजने तर २०२० च्या जानेवारीत ते स्वीकारले. म्हणजे तीन ठिकाणी केलेली माझी तपासणी प्रत्यक्षात एकदाच होत होती. फायरफॉक्सचे गेको आणि आयफोनवरील सफारीचे वेबकिट ही इंजिने वेगळी आहेत, म्हणून पुढे मी क्रोम, फायरफॉक्स आणि एका सभासदाचा आयफोन या तिघांवरच पाने पाहण्याचा नियम केला. जुन्या संगणकाचा प्रश्न त्यानंतर आपोआप सुटला. २०२३ च्या फेब्रुवारीत आलेल्या क्रोम ११० पासून विंडोज ७ चा आधार बंद झाला, तर फायरफॉक्सच्या दीर्घ मुदतीच्या ११५ व्या आवृत्तीला विंडोज ७ वर सुरक्षेच्या सुधारणा मिळत राहिल्या. देवघेव विभागात आम्ही तीच आवृत्ती ठेवली.

ईमेलच्या बाबतीत आम्ही आधीच नुकसान सोसले होते. जुना प्रोग्रॅम पीओपी पद्धतीने पत्रे एकाच संगणकावर उतरवून घेई आणि सर्व्हरवरून पुसून टाकी. २०२१ च्या उन्हाळ्यात विजेच्या कमीजास्त दाबाने हार्ड डिस्क गेली, तेव्हा प्रकाशकांशी आणि जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाशी झालेला दोन वर्षांचा पत्रव्यवहार तिच्यासोबत गेला. शिवाय २०२२ च्या मे अखेरीस जीमेलने केवळ नाव आणि पासवर्ड देऊन बाहेरच्या प्रोग्रॅममधून आत येण्याची वाट बंद केली. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच होते, पण आमच्या जुन्या प्रोग्रॅमला नवी पद्धत येत नव्हती. मी थंडरबर्ड हा ईमेल प्रोग्रॅम निवडला. तो विनामूल्य आहे, आयमॅप पद्धतीने पत्रे सर्व्हरवरच ठेवतो, त्यामुळे दोन्ही संगणकांवर एकच चित्र दिसते, आणि त्याने साठवलेली पत्रे एमबॉक्स या साध्या मजकुराच्या फाइलींत असतात, ज्या उद्या दुसऱ्या प्रोग्रॅमलाही वाचता येतील. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली. दर शनिवारी त्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतो. जुनी जी पत्रे इतरांकडून परत मिळाली, त्यांत दोन प्रकारचे बिघाड होते. ज्यांत मराठीच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन 'ए' पुन्हा पुन्हा दिसत होता, ती यूटीएफ-८, म्हणजे युनिकोड मजकूर साठवण्याची प्रचलित पद्धत, समजून वाचल्यावर दुरुस्त झाली. ज्यांत प्रश्नचिन्हांची रांग होती, त्यांतला मजकूर वाटेतच नष्ट झालेला होता आणि तो कोणत्याही उपायाने परतला नाही. नव्या पुस्तकांची मासिक सूचना आम्ही आता यूटीएफ-८ मधील साध्या मजकुरातच पाठवतो, कारण विंडोजवरील जुना आउटलुक हा ईमेल प्रोग्रॅम एचटीएमएल, म्हणजे वेबपानाच्या भाषेतले, पत्र वर्डच्या इंजिनाने मांडतो आणि वेबच्या नियमांनी केलेली मांडणी तेथे टिकत नाही.

खरे कष्ट सूचीच्या पानांना लागले. नऊ हजारांवर नोंदी युनिकोडमध्ये आणायच्या होत्या. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते; रफार नेमका उलट, जुन्या मांडणीत शेवटी आणि युनिकोडमध्ये आधी. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्रॅम, म्हणजे परिवर्तक, बहुतेक शब्द बरोबर फिरवतो, परंतु जोडाक्षरावर वेलांटी आणि रफार एकत्र आले की चुकतो. म्हणून प्रत्येक नोंद दाखलखात्यातील, म्हणजे आलेले पुस्तक प्रथम नोंदतो त्या वहीतील, मूळ नोंदीशी ताडून पाहावी लागली. संध्याकाळी देवघेव संपल्यावर मी आणि आमचे लिपिक शेजारी बसून ते करत असू. ते खात्यातून वाचत आणि मी पडद्यावर पाही.

पाने मात्र मी नव्याने लिहिली. जुन्या पानाला सुरुवातीचा डॉकटाइपच, म्हणजे पान कोणत्या नियमांनी लिहिले हे सांगणारी ओळच, नव्हती, आणि ती नसली की ब्राउझर पान जुन्या सैल नियमांनी मांडतात, जे नियम आधुनिक शैलीपत्रकाशी, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या सूचनांशी, जुळत नाहीत. एका तक्त्यात दुसरा, त्यात तिसरा अशी रचना करून मजकूर जागेवर बसवलेला होता. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या तपासणी सेवेत ते पान घातले तेव्हा चुकांची इतकी लांब यादी आली, की मी ते दुरुस्त करण्याचा विचारच सोडला. नव्या पानात शीर्षकांसाठी शीर्षकाचेच टॅग, म्हणजे मजकुराचा प्रकार सांगणाऱ्या खुणा, वापरले. सूची ही मुळात तक्त्याचीच माहिती आहे, त्यामुळे तक्ता ठेवला, पण दाखल क्रमांक, ग्रंथनाम, लेखक, वर्गांक ही रकान्यांची नावे शीर्षरकाने म्हणून नोंदवली. अक्षरसंचाची घोषणा, म्हणजे मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे हे सांगणारी ओळ, पानाच्या पहिल्या १,०२४ बाइटांत असावी लागते. ती एका लांबलचक टिप्पणीच्या खाली गेली होती, हे तपासणी सेवेनेच दाखवले.

एका लहानशा गुणधर्माचा उपयोग मला सर्वांत उशिरा कळला. पानाची भाषा मराठी आहे असे लँग या गुणधर्मात लिहिले, की ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात 'ल' आणि 'श' मराठी वळणाने, म्हणजे पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' असे उमटतात; न लिहिल्यास हिंदी वळणाचे येतात. पण त्याहून महत्त्वाचे काम वेगळेच आहे. आमच्याकडे स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक दृष्टिहीन तरुण येतो आणि एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा विनामूल्य प्रोग्रॅम वापरतो. भाषा नोंदवल्यापासून तो प्रोग्रॅम आमच्या पानावर आला की मराठी आवाजाकडे वळतो, आणि त्या तरुणाला शीर्षकावरून शीर्षकावर उडी घेत सूचीत हिंडता येते. पूर्वी त्याच्यासाठी सूची कोणीतरी वाचून दाखवावी लागे. आता तो दाखल क्रमांक सांगत काउंटरवर येतो.

१७ सप्टेंबर २०२३ च्या मुक्तिसंग्राम दिनाआधी मुक्तिसंग्रामविषयक नोंदी पूर्ण करून मी त्या विद्यार्थिनीला दुवा पाठवला. तिने दुसऱ्याच दिवशी सात पुस्तकांचे क्रमांक कळवले आणि पुढच्या आठवड्यात येऊन ती पाहून गेली.

उरलेल्या नोंदींचे काम अजून चालू आहे आणि ते बहुतेक एका अक्षरापाशी अडते. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन निराळे शब्द आहेत, पहिला गुरुजनांविषयी आणि दुसरा स्वयंपाक करणाऱ्यांविषयी, पण परिवर्तक कधी एकाचा दुसरा करतो. त्यातही दुसऱ्या शब्दातला अर्धा 'र' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : नुक्त्याच्या 'ऱ'ला हलंत देऊन, किंवा साध्या 'र'ला हलंत देऊन त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, मात्र एक प्रकार लिहून शोधले तर दुसऱ्या प्रकारे लिहिलेला शब्द सापडत नाही. मी सर्वत्र पहिला प्रकार ठेवायचे ठरवले आहे, आणि सध्या पाककलेच्या वर्गातील नोंदी तपासत आहे.