हजार दाण्यांच्या वजनात काय काय लपतं

पिकांच्या ब्रीडिंगच्या (म्हणजे नवे वाण तयार करण्याच्या) कुठल्याही रिपोर्टमध्ये हजार दाण्यांचं वजन हा कॉलम हमखास असतो. काढायला सोपं, अनुवंशिकताही (गुण पुढच्या पिढीत उतरण्याचं प्रमाण) बऱ्यापैकी जास्त, त्यामुळे निवड करताना सगळ्यांचं आवडतं. पण माझं मत विचाराल तर नुसत्या या आकड्यावर लाइन (चाचणीतला एखादा होऊ घातलेला वाण) निवडणं म्हणजे चेहरा न बघता वजनकाट्यावरून माणूस ओळखण्यासारखं आहे.

समजा दोन लाइन्सचं वजन सेम ४० ग्रॅम. एकीचा दाणा लांबट, दुसरीचा आखूड पण टपोरा. गव्हात टपोरा, गोलसर दाणा बरा, कारण तेवढ्याच आकारमानाला साल कमी येते आणि पीठ जास्त निघतं. भातात उलट, बऱ्याच बाजारांत सडपातळ दाणाच लागतो, म्हणजे लांबी-रुंदीचं गुणोत्तर ३ च्या वर. आणि लांबी व रुंदी या दोन गोष्टी बऱ्याच अंशी वेगवेगळी जनुकं ठरवतात! भातात जीएस३ मुख्यतः लांबीवर काम करतं (२००६ मध्ये सापडलं), जीडब्ल्यू२ रुंदीवर (२००७). म्हणजे वजन वाढलं हे कळतं, कुठल्या बाजूने वाढलं ते कळत नाही.

आता व्हर्नियर घेऊन एकेक दाणा मोजत बसायची गरज नाही म्हणा, साधा फ्लॅटबेड स्कॅनर आणि स्मार्टग्रेन किंवा ग्रेनस्कॅनसारखं फुकट सॉफ्टवेअर पुरतं, शेकडो दाण्यांची लांबी, रुंदी, क्षेत्रफळ एका झटक्यात. फक्त जाडी दिसत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे, कारण दाणे भरताना उष्णता किंवा पाण्याचा ताण आला की दाणा चपटा, सुरकुतलेला राहतो पण वरून घेतलेल्या फोटोत बऱ्यापैकी नॉर्मल वाटू शकतो. म्हणून तेच स्कॅन केलेले दाणे तोलायचे आणि वजनाला क्षेत्रफळाने भागायचं, पोचट लाइन लगेच उघडी पडते (सगळ्या सॅम्पल्सची आर्द्रता सारखी हवी, नाहीतर सगळंच मुसळ केरात).

सरासरीचा घोळ तर वेगळाच. गव्हाच्या ओंबीत प्रत्येक कणिशकात (ओंबीतल्या छोट्या गुच्छात) खालचे दोन दाणे मोठे, तिसरा-चौथा लहान. एखाद्या लाइनने जास्त दाणे धरले की ते जादाचे दाणे लहान जागीच येतात, सरासरी घसरते आणि आपण म्हणतो हिचा दाणा बारीक. प्रत्यक्षात तिचे मोठे दाणे तेवढेच मोठे असू शकतात! म्हणून मी सरासरीआधी हिस्टोग्राम (कुठल्या आकाराचे किती दाणे याचा आलेख) काढते, आणि दोन कुबडं दिसली की ओंबीतल्या जागेनुसार दाणे वेगळे करून परत स्कॅन.