दाराशेजारचं एबी

टायटल नाही, सुरुवात-शेवट दोन्ही तुटलेलं असं नायट्रेटचं, म्हणजे जुन्या, पटकन पेटणाऱ्या फिल्मचं रीळ आलं की आमच्या फिल्म अर्काइव्हमध्ये पहिला प्रश्न ठरलेला, हिरोइन कोण? याही वेळी स्कॅन बघून सगळे मूकपटांची स्टार मेरी पिकफर्ड म्हणून मोकळे. कुरळे केस दिसले की लोकांना पिकफर्डच दिसते. ही सवय मला अजिबात पटत नाही, त्या काळातल्या कितीतरी शॉर्ट फिल्म्समध्ये नटांची नावंसुद्धा देत नव्हते.

मी आधी भिंती बघते. 1912 पर्यंत अमेरिकेत सिनेमाला सिनेमा म्हणून कॉपीराइटच नव्हता, कुणीही प्रिंटवरून प्रिंट काढायचा, स्वतःचं टायटल जोडायचा आणि विकायचा. म्हणून कंपन्या सेटवरच आपला शिक्का ठोकायच्या, पाथे कंपनीचा कोंबडा, अमेरिकन बायोग्राफ कंपनीचं गोलातलं एबी. टायटल कापता येतं, भिंत कशी कापणार?

स्कॅनमध्ये शिक्का नव्हता, पण चित्र चौकटीत नीट बसावं म्हणून कडा छाटल्या होत्या. हे बघून डोकंच फिरतं, फिल्मच्या काठाची छिद्रांची पट्टीसुद्धा पुरावा असते हो! मूळ रीळ मागवलं, लाइट टेबलवर घेतलं, भिंग लावलं. दाराच्या डावीकडे, फ्रेमच्या अगदी काठाला अर्धा गोल आणि त्यात एबी. बायोग्राफ!

पट्टीवर एक काळा ठिपका पण सापडला. ईस्टमन कोडॅक 1916 पासून फिल्मच्या कडेला वर्षाची खूण टाकायची, 1916 ला गोल, 1917 ला चौकोन, 1918 ला त्रिकोण, आणि वीस वर्षांनी तीच खूण परत. खूण काळी असेल तर ती त्याच फिल्मची, पांढरी असेल तर निगेटिव्हवरून उतरलेली. म्हणजे प्रिंट 1916 ची किंवा 1936 ची. छिद्रं बघितली तर वर-खाली सपाट आणि बाजूंनी गोलसर, जुन्या घडणीची. प्रिंटसाठी कोडॅकची चौकोनी छिद्रं 1920 च्या दशकात आली, त्यामुळे 1916 च. बायोग्राफचा एकेकाळचा दिग्दर्शक ग्रिफिथ, त्याचं नाव मोठं झाल्यावर बायोग्राफने त्याचे जुने सिनेमे परत बाजारात आणले होते, त्यातली ही प्रिंट असावी असं मला वाटतं.

पण सिनेमा कोणता? 1912 च्या आधी कॉपीराइटसाठी अख्खा सिनेमा फोटो म्हणून कागदाच्या रिळावर छापून जमा करायचे, तसे 3,000 हून जास्त सिनेमे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये टिकलेत. ते बघत बसलेय. तेच टेबल, तोच पडदा सिनेमामागून सिनेमात, पण एबी दरवेळी वेगळ्या जागी ठोकलेलं, म्हणून मी फक्त तेवढी जागा जुळवतेय. एक बऱ्यापैकी जुळतोय, दार तेच, एबीची उंचीही तीच. पण त्यात दारापलीकडे खिडकी आहे आणि आमच्या रिळात तिथे कोरी भिंत.